धरणारा आणा, शिडी न्या

घाटकोपर पश्चिमेला भटवाडीत, पिठाच्या गिरणीला लागून, एक दहा बाय बाराचा गाळा आहे. त्याला दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. आत माल असा काही नाही, नुसत्या शिड्या. बांबूच्या, लाकडी, अॅल्युमिनियमच्या, आणि रंगारी ज्यांना घोडी म्हणतात त्या दुपायी उघडणाऱ्या. प्रत्येकीवर लाल रंगात नंबर. बाहेर पत्र्याच्या पाटीवर लिहिलंय, ‘शिडी भाड्याने मिळेल.’ त्याखाली जरा मोठ्या अक्षरांत, ‘धरणारा आपला आणावा.’ आणि त्याच्याही खाली, नंतर सुचल्यासारखं, वेगळ्या रंगात, ‘धरणाऱ्याचा मोबाइल इथे जमा होईल. वाद घालू नये.’

पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. मी सीसीटीव्ही बसवायची कामं करतो. शाळा परांड्याची. आमच्याकडे शिडी लागली की शेजाऱ्याकडे जायचं, शेजारी म्हणतो ‘ने की’, आणि ती शिडी पुढच्या दिवाळीला परत येते, तीही शेजारी स्वतः शोधत आला तर. त्या हिशोबाने मी एकटाच गेलो.

खुर्चीवर एक बारीक अंगाच्या, साठीला टेकलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“सोबत कोण आहे?”

“कुणी नाही. एकटाच आहे मी.”

“लग्नाचं नाही विचारत. शिडी धरणार कोण?”

“मावशी, दहा मिनिटांचं काम आहे.”

“पडायला दहा मिनिटं लागत नाहीत. बाहेर पाटी आहे. वाचता येतं ना? शाळा कुठली?”

“परांडा.”

“मग येत असेल.”

आतून एका पुरुषाच्या हसण्याचा आवाज आला. मी परत गेलो आणि जिथे कॅमेरा लावायचा होता त्या बिल्डिंगच्या वॉचमनला धरून आणलं. बाईंनी त्याचा मोबाइल मागितला. लेक सासरी पाठवावी तसा त्याने तो हातात दिला. बाईंनी त्याला रबरबँडने शिडीच्या नंबरची चिठ्ठी बांधली आणि चकली ठेवायच्या उभ्या स्टीलच्या डब्यात टाकला. मग एका दमात, पाढे म्हटल्यासारखं सुरू झाल्या.

“चार हात वर, तर एक हात भिंतीपासून लांब. खाली गुळगुळीत फरशी असेल तर पोतं घाल. वरच्या दोन पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. हातात सामान घेऊन चढायचं नाही, दोरीने वर ओढून घे. हात पुरत नसेल तर खाली उतर, शिडी सरकव, परत चढ. वाकून कमान करायची नाही, तू काय सर्कशीतला नाहीस. आणि तू रे,” हे वॉचमनला, “दोन्ही हात शिडीला, एक पाय खालच्या पायरीवर. कुणी पत्ता विचारला तर सांगायचा नाही.”

या वनमालाबाई राऊळ. मूळच्या कुडाळकडच्या. सासरे कापडगिरणीत होते, आणि गिरणी गेल्यावर नवऱ्याने, म्हणजे गुणाजींनी, हातात ब्रश घेतला. आत हसले ते तेच.

गुणाजींनी सत्तावीस वर्षं बिल्डिंगी रंगवल्या. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात अशी गल्ली नाही जिथे ते बोट दाखवून ‘ही माझी’ म्हणत नाहीत. सातव्या मजल्यावर दोराच्या झुल्यावर बसून, पाय खाली सोडून, भाकरी खाल्लेला माणूस. कधी खरचटलं नाही. आणि पडले ते स्वतःच्या घरात, सहा फुटी घोडीवरून. गणपतीचे दिवस होते, मखराच्या वर दिव्यांची माळ लावायची होती. घोडी वनमालाबाईंनी धरली होती. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून त्या गॅस बंद करायला गेल्या. तेवढ्यात फरशीवर घोडीचा एक पाय फाकला. गुणाजींचा खुबा मोडला, तो नीट जुळलाच नाही.

ही गोष्ट गुणाजी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. “सातव्या माळ्यावरना पडाक नाय. घरात पडलंय. पण डाळ मात्र करपाक नाय हां, ती वाचली.” सांगून स्वतःच हसतात. वनमालाबाई हसत नाहीत आणि त्यांना अडवतही नाहीत. त्या वेळी त्यांना कुठल्यातरी शिडीच्या पायांचे रबरी बूट तपासायचे असतात.

गुणाजींचं चढणं संपलं, घरात चार शिड्या उरल्या. त्या भाड्याने द्यायला सुरुवात झाली, चाराच्या तेवीस झाल्या. या गोष्टीला तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत राऊळांच्या शिडीवरून एकही माणूस पडलेला नाही. हे वनमालाबाई मिरवत नाहीत. कुणी फार वाद घातला तरच सांगतात, आणि सांगून झालं की पटकन देवाच्या तसबिरीकडे बघतात, आपलीच नजर लागायला नको म्हणून. पण त्या गाळ्यात दुसरी कमाई अशी काही नाही, एवढीच आहे, हे दोन खेपांत कुणाच्याही लक्षात येतं.

मोबाइलचा नियम मागाहून आला. वनमालाबाई एकदा भाजी घेऊन येत होत्या. रस्त्यात आपलीच सहा नंबरची शिडी दिसली. वर माणूस, खाली धरणारा. धरणाऱ्याने शिडी धरली होती, पण पाठीने. टेकून उभा, दोन्ही हातांत मोबाइल, आणि कुणीतरी नाचत होतं ते बघून हा एकटाच हसत होता. दुसऱ्या दिवशी चकलीचा डबा गाळ्यात आला. लोकांनी खूप कटकट केली. बँकेचा ओटीपी येईल, बायको बाळंतपणाला गेलीय, साहेबांचा फोन येतो. वनमालाबाई म्हणायच्या, “वर चढणाऱ्याकडे आहे ना फोन? मग झालं. तुला बायकोचा फोन येणार असेल तर तू चढ, त्याला धरू दे.” तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण त्यांच्या शिडीची पायरी कधी हलत नाही. शिडी परत आली की त्या प्रत्येक पायरीवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकतात. डॉक्टर छाती तपासतात तसं.

त्या डब्यामुळे गुणाजींना मात्र करमणूक झाली. दिवसभर आतले फोन थरथरतात, डबा टेबलावर इंच इंच सरकतो, आणि हे खुर्चीवर बसून ओळखतात. ‘ह्यो प्लंबराच्या माणसाचो. ह्येच्या बायलेचो चौथो फोन.’

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. रंगकामाचे दिवस, शिड्यांना उसंत नाही. सगळ्यात जास्त शिड्या न्यायचा तो राजेश. हा कंत्राटदार पूर्वी गुणाजींच्या हाताखाली होता, आता पांढरा शर्ट घालतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘उंचावरील कामाचे खास तज्ज्ञ’ असं छापलंय, आणि गुणाजींच्या म्हणण्याप्रमाणे हा तज्ज्ञ गेल्या सहा वर्षांत बसच्या पायरीपेक्षा वर चढलेला नाही. पण गोड बोलायला असा की साखर महाग व्हावी.

“मावशी, तुमची शिस्त एकदम झकास. मी तर सगळ्यांना सांगतो यार, राऊळ मावशीकडूनच शिडी घ्या.”

“धरणारा?”

“हा काय, प्रीतम. दे रे मोबाइल मावशीला.”

प्रीतम हा आमच्याच नाक्यावरचा. वय पंचवीस-सव्वीस, अंगाने चांगला दणकट, आणि पेशाने रिकामा. तो मुकाट्याने मोबाइल द्यायचा, वनमालाबाईंचे पाढे मान हलवत ऐकायचा, वाद घालायचा नाही. असा धरणारा तेरा वर्षांत मिळाला नव्हता. वनमालाबाई त्याच्यावर खूश होत्या. इथेच खरं तर त्यांना शंका यायला हवी होती, पण चांगल्या माणसाची शंका कोण घेतं?

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी साडेअकराला मी माझी शिडी परत करायला गाळ्यात गेलो. माझ्या वॉचमनचा फोन डब्यातून काढताना गुणाजी म्हणाले, “ह्येचो सकाळपासना अकरा वेळा वाजलो. आणि ह्यो प्रीतमचो बघ. पाच दिवस झाले, एकदा पण वाजाक नाय. बिचाऱ्याक कोण विचारीत नाय वाटता.”

वनमालाबाई वहीत माझी शिडी लिहीत होत्या. त्यांचं पेन थांबलं.

“त्याची आई आहे. ती अर्ध्या अर्ध्या तासाने फोन करते त्याला, जेवलास का म्हणून. अख्ख्या नाक्याला माहीत आहे.”

त्यांनी फोन हातात घेतला. बटण दाबलं, काही नाही. मागचं झाकण नखाने उघडलं. आत बॅटरी नव्हती. बॅटरीच्या जागी पुठ्ठा घडी करून बसवला होता, वजन लागावं म्हणून.

एवढं होईपर्यंत गोष्ट सांगायला ठीक होती. पण वनमालाबाईंनी मान वर केली आणि समोर, वडापावच्या गाडीवर, प्रीतम उभा. एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात चांगला मोठा मोबाइल, आणि त्यात बघून ‘हो गं आई, खातोय’ म्हणत होता.

“प्रीतम!”

तो दचकला. मग हसत रस्ता ओलांडून आला. “बोला मावशी.”

“नऊ नंबरची शिडी कुठे आहे?”

“साइटवर. पार्कसाइटला.”

“आणि तू?”

प्रीतमने एकदा स्वतःकडे बघितलं. “मी... चहाला आलोय ना.”

“कधी आलास?”

“नऊ वाजता.”

“शिडीवर कोण आहे?”

“श्यामकांतकाका.”

गुणाजींना खुर्चीतून उठायला एरवी दोन वेळा जोर करावा लागतो. त्या दिवशी एकदाच लागला. श्यामकांत म्हणजे त्यांचा झुल्यावरचा जोडीदार. वीस वर्षं एका फळीवर बसलेले दोघं. आता वय अठ्ठावन्न, एका डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर.

“खरं सांग,” वनमालाबाई म्हणाल्या, “राजेशने काय सांगितलंय तुला?”

“म्हणाला, मावशीला फक्त तोंड दाखवायचं असतं. सकाळी यायचं, हा फोन द्यायचा, शिडी साइटवर पोचवायची आणि निघायचं. माणसं मिळत नाहीत, आणि खाली नुसता उभा राहणारा माणूस त्याला परवडत नाही म्हणाला. बदल्यात रोज नाश्ता.” मग जरा थांबून, “मला काय माहीत मावशी, मला वाटलं तुमची पण ती एक पद्धत असेल. फॉर्मवर सही लागते तशी.”

गुणाजींनी तोवर स्वतःचा फोन काढून श्यामकांतचं नाव शोधलं होतं. वनमालाबाईंनी तो हातातून हिसकावलाच.

“वर असलेल्या माणसाला फोन करताय? उचलायला हात कुठला सोडतील ते?”

गुणाजी तसेच उभे राहिले. खरं होतं. फोन करायची सोय नव्हती, जायलाच हवं होतं. “राजेशाक लावतंय,” ते म्हणाले. “तू जा गो. बेगीन जा.”

मी आणि प्रीतम मागोमाग निघालो. रिक्षावाल्याने ‘पार्कसाइट’ ऐकलं आणि मान हलवली. इतक्या जवळ तो येत नव्हता. वनमालाबाई आत बसल्या होत्या. “मी उतरणार नाही. तक्रार करायची असेल तर चौकी वाटेतच आहे, तिकडूनच घे.” त्याने मीटर टाकलं.

चढावर रिक्षा रडत चालली होती. वनमालाबाई पुढचा दांडा धरून बसल्या होत्या. त्यांनी प्रीतमला विचारलं, “उंची किती आहे कामाची?”

“पहिल्या मजल्याचा छज्जा. जास्त नाही मावशी, बारा फूट असेल.”

“आमची सहा फूट होती,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात सोसायटीचं गेट आलं.

गेटमधून आत शिरलो तर श्यामकांतकाका दिसले, आणि मला आधी हायसं वाटलं. माणूस जागेवर होता, छज्ज्याच्या खालच्या अंगाला बदामी रंग लावत होता, डबा आकड्याने शिडीला टांगलेला. मग खालचं दिसलं. जमीन उतरती, शिडीचा एक पाय फरसबंदीवर, दुसऱ्याखाली वीट. धरणारा नाही म्हणून काकांनी आपल्यापुरती अक्कल लढवली होती. शिडीची खालची पायरी नायलॉनच्या दोरीने बाजूच्या स्कूटरला बांधली होती. बांधली तेव्हा ती भिंतीला लागून मोठ्या स्टँडवर उभी असणार, कव्हर घातलेली, कव्हरवर इतकी धूळ की त्यावर कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ लिहिलेलं. काकांनी हिशोब केला असणार, ही काही हलत नाही. हिशोब चुकीचा नव्हता. ती स्कूटर आठ महिने हलली नव्हती.

आज हलणार होती. कव्हर बाजूला पडलं होतं आणि पंजाबी ड्रेसमधली एक बाई हँडल धरून, दात आवळून, स्कूटर स्टँडवरून पुढे ढकलत होती. या श्वेता, पहिल्या मजल्यावरच्या. नवी बॅटरी टाकायला गॅरेजवर न्यायची होती. दोरी बांधली होती मागच्या बाजूला, खाली. त्यांना ती दिसायचं कारणच नव्हतं. त्यांनी एक धक्का दिला. दोरी ताणली. शिडी थरथरली.

मी ओरडणार होतो. वनमालाबाईंनी माझं मनगट असं दाबलं की अजून आठवतं. “ओरडू नको. ते खाली बघतील.” आणि प्रीतमला, अगदी हळू, “स्कूटर धर.”

त्या धावल्या नाहीत. भरभर चालत गेल्या, शिडीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजू धरल्या. प्रीतमने मागून स्कूटरची लोखंडी कडी पकडली. सहा दिवस धरणारा म्हणून नाव लागलेल्या माणसाने खरोखर काहीतरी धरल्याची ही पहिलीच वेळ. श्वेताबाईंना अर्थातच हे माहीत नव्हतं. त्यांनी मागे बघितलं तर एक अनोळखी दांडगा माणूस आपली स्कूटर ओढतोय.

“ए! सोड! कोण आहेस तू? वॉचमन! वॉचमन!”

आणि हातातली पर्स त्याच्या डोक्यात.

“ताई, मारा, पण ढकलू नका,” प्रीतम म्हणाला. हे वाक्य त्याला ऐन वेळी कसं सुचलं कोण जाणे, पण त्यात सगळं आलं.

श्यामकांतकाकांनी आवाज ऐकून खाली बघितलंच. बघितलं ते मोतीबिंदूच्या बाजूने, म्हणून जास्त वाकून. वजन एका अंगाला गेलं, खालची वीट फुटली, आणि शिडीचं वरचं टोक भिंतीवरून खरवडत वीतभर सरकलं. काकांनी छज्ज्याची कड पकडली. आकडा निसटला, आणि बदामी रंगाचा डबा सरळ खाली, वनमालाबाईंच्या डोक्यावर उपडा.

डबा अर्धाच होता, नशीब. पण रंग केसांतून कपाळावर आला आणि कपाळावरून डोळ्यांत. कुणाचाही हात अशा वेळी आपोआप तोंडाकडे जातो. त्यांचे दोन्ही हात शिडीवरच होते. त्यांनी फक्त डोळे मिटले. शिडीचा तुटक्या विटेकडचा पाय अधांतरी होता आणि तो भार त्यांच्या उजव्या खांद्यावर आला होता. मी दुसरी बाजू धरली. हे लिहिलं नाही तर लोक विचारतील, तू काय बघत होतास, म्हणून लिहितो. धरली, पण माझ्या हातांना घाम होता आणि त्यांच्या हातांना रंग. तरी सरकली नाही ती त्यांची बाजू.

“भावोजी,” त्या म्हणाल्या. आवाज असा, की ताट वाढलंय, या. “मी वनमाला. खाली मी आहे. उतरा.”

“वहिनी? तुम्ही इथे कशा?”

“खाली या, मग सांगते. एकेक पायरी. मोठ्याने मोजा, मला दिसत नाहीये.”

काकांनी छज्ज्याची कड सोडली. मग पाय चाचपडला. “एक.”

“हं.”

“दोन.”

श्वेताबाईंना आत्ता दोरी दिसली होती. त्यांनी हँडल सोडलं नाही, उलट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पर्स खाली पडू दिली. वॉचमन धावत आला होता, तोही उभाच राहिला. अख्ख्या आवारात श्यामकांतकाकांचा आकडा तेवढा ऐकू येत होता. पाचवर त्यांचा पाय घसरला आणि परत लागला. ते पुन्हा ‘पाच’ म्हणाले. वनमालाबाई पुन्हा ‘हं’ म्हणाल्या. आठला त्यांची चप्पल माझ्या कानाजवळ आली आणि तेराला ते जमिनीवर होते.

“आलो,” ते म्हणाले.

“दोन्ही पाय?”

“दोन्ही.”

मग वनमालाबाईंनी शिडी सोडली. सोडली म्हणजे बोटं एकेक करून उघडली. श्वेताबाईंनी त्यांना खांद्याला धरून नळावर नेलं आणि दहा मिनिटं डोळ्यांवर पाणी मारलं, मध्ये मध्ये ‘सॉरी आँटी, मला खरंच दिसलं नाही’ म्हणत. डोळे लाल झाले, पण दिसत होतं. रंग पाण्याचा होता. खांदा मात्र वर होत नव्हता. नंतर महिनाभर झाला नाही.

श्यामकांतकाका पायरीवर बसून बिडी शोधत होते. “बांधली होती ना मी,” ते म्हणाले.

“कशाला बांधली होती, भावोजी?”

“स्कूटरला.”

“आणि स्कूटर कशासाठी असते?”

काकांनी यावर विचार केला आणि बिडी खिशात परत ठेवली.

तेवढ्यात राजेश आला, बाइकवरून. गुणाजींनी फोनवर त्याला काय सांगितलं होतं माहीत नाही, पण तोंडावर साखर नव्हती. वनमालाबाई श्वेताबाईंनी आणून दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, अर्धं डोकं बदामी.

“मावशी, सॉरी. खरंच सॉरी. दिवाळीत माणूस मिळत नाही हो. उद्यापासून खरा माणूस ठेवतो, शप्पथ.”

“काम किती राहिलंय?” त्यांनी राजेशला नाही, काकांना विचारलं.

“छज्ज्याची एक बाजू. तासाभराचं.”

“मग आजच संपवा.” मग राजेशकडे वळून, “धर.”

“काय?”

“शिडी.”

“मी?” राजेश हसला. “मावशी, मी कंत्राटदार आहे.”

“मग जोरात धर.”

“अहो, एक कॉल केला तर माणूस...”

वनमालाबाईंनी तळहात पुढे केला. त्यावर रंग वाळत आला होता. राजेशने इकडे तिकडे बघितलं. श्वेताबाई बघत होत्या, वॉचमन बघत होता, वरच्या गॅलऱ्यांत माणसं जमली होती, आणि प्रीतम डोक्यावरचं टेंगूळ चोळत फारच लक्ष देऊन बघत होता. राजेशने मोबाइल त्या हातावर ठेवला.

शिडी आधी सपाट जागी घेतली. वनमालाबाईंनी खुर्चीवरूनच मापं सांगितली, चार हात वर, एक हात लांब. वरचं टोक श्वेताबाईंच्या घरात जाऊन खिडकीच्या ग्रीलला आतून बांधलं, ते काम माझं. मग राजेशने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि खालच्या पायरीवर पाय ठेवला. पाढे त्याला पाठ होते म्हणायचं.

श्यामकांतकाका चढले. वनमालाबाईंच्या मांडीवर राजेशचा फोन वाजत होता, त्यांनी तो उलटा ठेवला. सोसायटीचे सेक्रेटरी आले, राजेशला म्हणाले, जरा इकडे या, गच्चीच्या कामाचं बोलायचं होतं. राजेश म्हणाला, “इथूनच बोला साहेब.” सेक्रेटरींना आश्चर्य वाटलं, पण ते तिथूनच बोलले. राजेशच्या नाकावर माशी बसली, ती बसूनच राहिली.

तासाचं काम तासात झालं. काकांनी ब्रश पुसला, छज्ज्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि खाली वाकले नाहीत, सरळ उभं राहूनच विचारलं, “वहिनी, घाई आहे का तुम्हाला?”

“मला कसली घाई? सावकाश होऊ द्या.”

काकांनी दोन इंची ब्रश मागवून घेतला. प्रीतमने तो दोरीला बांधून वर पाठवला. मग त्यांनी सगळ्या कडा पुन्हा काढल्या. कडा झाल्यावर छज्ज्याच्या वरच्या अंगाची धूळ फडक्याने झाडली, ती राजेशच्या शर्टावर आली.

“काका, वरची बाजू राहू द्या,” राजेश खालून म्हणाला. “कंत्राटात नाहीये ती. तिथे कबुतरांशिवाय कोण बघतंय?”

“तू वर बघू नको,” श्यामकांतकाका म्हणाले. “धर नीट.” आणि डब्यात ब्रश बुडवला.